बटण, बटण, बटण!

मुलांनो, माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या बाबांना दिसत नाही. पण मोबाईल ते असा झरझर चालवतात, की मी बघतच राहते! कसा? त्यांच्या फोनमध्ये 'टॉकबॅक' आहे. बोट जिथे टेकेल तिथे काय आहे, ते तो बोलून सांगतो. एकदा टेकवलं की नाव ऐकायचं, पटकन दोनदा टेकवलं की बटण दाबलं जातं. आयफोनमध्ये याच कामाला 'व्हॉइसओव्हर' असतो.

एकदा हे बाबा शाळेत आले, जरा खट्टू होऊन. मुलीला ताप होता म्हणून त्यांनी निरोपांच्या ॲपवर रजेचा अर्ज लिहिला होता. खाली तीन चित्रं. कागदी विमान म्हणजे पाठवा, टोपली म्हणजे पुसा, पेन्सिल म्हणजे दुरुस्त करा. आपल्याला बघताच कळतं, नाही का? त्यांना काय ऐकू आलं?

"बाई, तीनदा नुसतं 'बटण, बटण, बटण'. मी मधलं दाबलं."

मधली होती टोपली! अर्ज पुसला गेला, आणि इकडे मी दोन दिवस तिची गैरहजेरी मांडत बसले. (एक फोन करायला हवा होता मी. चुकलंच.)

असं का झालं? ॲप बनवणारा चित्रामागे जे नाव लिहून ठेवतो, तेच टॉकबॅक वाचतो. नावच नसेल तर बिचारा काय वाचणार? आता काही फोन चित्र ओळखून अंदाज सांगतात म्हणा, पण अंदाज तो अंदाज.

बरं, नाव द्यायचं तरी कोणतं? 'कागदी विमान'? छे! दिसतं काय ते नको, होतं काय ते हवं: 'पाठवा'. 'पाठवा बटण' असंही नको हं, कारण 'बटण' हा शब्द वाचक स्वतःच जोडतो. मग ऐकू येतं, "पाठवा बटण, बटण"! आणि दहा फोटोंखाली दहा वेळा 'पुसा' असेल, तर कोणता पुसायचा? तिथे 'सहलीचा फोटो पुसा' हवं.

वेबपान बनवायला शिकणाऱ्या ताई-दादांनो, चित्राचं नाव 'ऑल्ट'मध्ये लिहितात, ठाऊक आहे ना? चित्र नुसतं शोभेचं असेल तर 'ऑल्ट' रिकामा ठेवा, वाचक ते ओलांडून पुढे जातो. पण 'ऑल्ट' लिहिलाच नाही, तर तो कधी कधी फाईलचं लांबलचक नाव वाचत सुटतो! संगणकावर 'एनव्हीडीए' फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये तो बनवायला घेतला. पालकहो, मुलांना तो एकदा लावून द्या. पडदा बंद करून आपलं पान ऐकू दे त्यांना.

त्या ॲपवाल्यांना मी पत्र लिहिलंय, उत्तर अजून आलेलं नाही. पण टॉकबॅकमध्ये काही बिननावाच्या बटणांना आपल्यालाही नाव देता येतं, फक्त आपल्या फोनपुरतं. माझी विद्यार्थिनी बाबांजवळ बसली, एकेक चित्र बघून तिने नावं सांगितली. टोपलीचं नाव काय ठेवलं असेल?

'पुसा. बाबा, सांभाळून!'