अपडेट टाका, पण यात्रेच्या आदल्या रात्री नको!

कॅमेऱ्याचं नवं फर्मवेअर आलं की फोटोग्राफर मंडळींत लगेच दोन पार्ट्या पडतात. एक विचारते, ‘टाकलंस का?’ दुसरी म्हणते, ‘चाललंय ना नीट? मग कशाला हात लावायचा!’ खरं तर दोघींचंही बरोबर आहे.

फेब्रुवारी २०२४मध्ये निकॉनच्या झेड ८साठी २.०० आवृत्ती आली आणि त्याच्या फोकसला पक्ष्यांसाठी खास मोड मिळाला, तोही फुकट. थंडीत केळशीच्या किनाऱ्यावर उडते सीगल टिपणाऱ्याला आणखी काय हवं? त्याआधी २०१९मध्ये सोनीचा ए७ थ्री प्राण्यांचा डोळा पकडू लागला, तोही अपडेटमुळेच. हातातला जुना कॅमेरा नव्यासारखा झाला.

पण दुसरी बाजूही आहे. अपडेटनंतर कधी सेटिंग्ज बदलतात, कधी दुसऱ्या कंपनीची लेन्स रुसते. मध्येच बॅटरी गेली, तर बॉडी थेट सर्व्हिस सेंटरला. केळशीकरांसाठी ते म्हणजे मुंबई-पुण्याची वारी! अनेक मॉडेलांत मागच्या आवृत्तीवर परतताही येत नाही. चैत्रात महालक्ष्मीची यात्रा, पाठोपाठ लग्नसराई. कमाईचे दिवस हेच. ते पणाला कोण लावणार?

म्हणून मित्रांनो, हातात काम नसताना, बॅटरी फुल चार्ज करून, सेटिंग्ज लिहून ठेवूनच अपडेट टाका. आणि कंपन्यांनो, परतीची वाट उघडी ठेवा. कॅमेऱ्याचे पूर्ण पैसे मोजलेत आम्ही!