विश्लेषण : शिवराई खरी की ओतीव?

माहुली किल्ला शहापूर तालुक्यात, नाणेघाटाची वाट मुरबाडमधून वर चढणारी. त्यामुळे ‘इथेच सापडले’ एवढे सांगितले तरी जुन्या नाण्यावर विश्वास बसतो. पण जागा हा पुरावा नव्हे. आधी घडण पाहावी लागते.

शिवकालीन शिवराई तांब्याच्या तुकड्यावर ठसा ठोकून पाडली जाई. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. हाताने ठोकताना ठसा सरके आणि एखादे अक्षर कडेबाहेर जाई. म्हणूनच सगळी अक्षरे नीट बसलेली, गोल गरगरीत शिवराई संशयास्पद. कडेला सांध्याची रेघ, अंगावर बारीक छिद्रे दिसली, तर ती बहुधा साच्यात ओतलेली नक्कल.

चौकोनी भोकाच्या चिनी नाण्यांचे याच्या उलट. ती मुळात साच्यातच ओतली जात. ओतकामाच्या खुणा हा तिथे दोष नाही. फेंगशुईच्या लाल दोऱ्यातली तीन नाणी मात्र बहुतेक आजचीच.

नाणे चिंचेने घासू नये, खुणाच पुसतात. नांगरताना दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. आणि जुने नाणे विकून देतो म्हणत कुणी ‘रिझर्व्ह बँकेचे शुल्क’ मागितले, तर ती फसवणूक. असे शुल्क घेत नसल्याचे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच स्पष्ट केले आहे.