हुकूम मोडणारा वाटाड्या



परवा करमाडहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. तिच्या गल्लीत एक काका राहतात. त्यांना अजिबात दिसत नाही. पांढऱ्या काठीने वाट चाचपत ते गावात सगळीकडे फिरतात. पण जालना रोड ओलांडायचा झाला, की कुणी येईपर्यंत बिचारे कडेला उभे! मैत्रिणीने टीव्हीवर अंध माणसाला रस्त्याने नेणारा कुत्रा पाहिला आणि लगेच मला विचारलं, ‘आमच्या गल्लीतल्या मोत्याला असं शिकवता येईल का? तो आमचं सगळं ऐकतो!’

प्रश्न झकास आहे. पण गंमत अशी, की नुसतं ‘सगळं ऐकणारा’ कुत्रा या कामाला चालतच नाही. का, ते सांगतो. आधी एक खरी गोष्ट ऐका.

अमेरिकेत नॅशव्हिल नावाचं शहर आहे. तिथे मॉरिस फ्रँक नावाचा मुलगा होता. सहाव्या वर्षी एका अपघातात त्याचा एक डोळा गेला आणि सोळाव्या वर्षी मुष्टियुद्ध खेळताना दुसरा. मॉरिस हुशार आणि जिद्दी. कॉलेजात शिकायचा, विम्याचं कामही करायचा. पण घराबाहेर पडायचं तर सोबतीला पगारी पोरगा घ्यावा लागे. तो पोरगा कंटाळला, की मॉरिसचं काम अडलंच म्हणून समजा!

१९२७ च्या नोव्हेंबरमध्ये वडिलांनी त्याला एका साप्ताहिकातला लेख वाचून दाखवला. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत कुत्र्यांना कसं शिकवतात, याची ती हकीगत होती. लेख लिहिला होता स्वित्झर्लंडमध्ये कुत्र्यांना शिकवणाऱ्या डॉरथी यूस्टिस या बाईंनी. मॉरिसने त्यांना पत्र धाडलं आणि १९२८ साली तो बोटीने तिकडे निघाला. जाताना त्याची काय तऱ्हा झाली ठाऊक आहे? एखादं पार्सल पाठवावं तसं त्याला नेलं. खोलीला चक्क बाहेरून कुलूप!

परत आला तेव्हा मात्र त्याच्यासोबत ‘बडी’ नावाची अल्सेशियन कुत्री होती. न्यूयॉर्कमध्ये बातमीदारांनी त्याला आव्हान दिलं, ‘हा वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखव!’ रुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी धडधडत येणारे ट्रक. मॉरिसने बडीच्या पट्ट्याची मूठ घट्ट धरली. थांबत, मागे सरत, पुन्हा पुढे होत दोघं पलीकडे पोचले. त्याने यूस्टिसबाईंना तार केली. मजकूर एकच शब्द : यश! पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, अशा कुत्र्यांसाठी ‘द सीइंग आय’ ही संस्था सुरू झाली. ती आजही काम करते आहे.

आता मला सांगा, रस्ता कधी ओलांडायचा हे कोण ठरवतं? कुत्रा? छे! सिग्नलचा लाल आणि हिरवा रंग कुत्र्याला आपल्यासारखा वेगळा दिसत नाही. गाड्यांच्या आवाजावरून अंदाज घेतो तो माणूस. कुठे जायचं, कुठे वळायचं, हेही त्याच्याच डोक्यात. कुत्रा खड्डा चुकवतो, पायरी आली की थांबतो, डोक्याला लागेल अशा फांदीला वळसा घालतो. आणि माणूस ‘चल’ म्हणाला, पण समोरून गाडी येत असली, तर तो जागचा हलत नाही. चक्क हुकूम मोडतो! कधी ऐकायचं आणि कधी नाही, हे कळणं हीच त्याची खरी विद्या.

ही विद्या एका दिवसात येत नाही. अगदी लहान असताना पिल्लू एखाद्या घरी वर्षभर राहतं. अमेरिकेत तर तुमच्याएवढी मुलंसुद्धा अशी पिल्लं सांभाळतात. त्यांना माणसांची, गर्दीची, गाड्यांच्या आवाजाची सवय लावतात आणि जीव लागलेला असताना शाळेत पोचवून येतात. सोपं आहे का हो ते? मग कित्येक महिने शिक्षण. ज्याच्याकडे जायचं, त्या माणसालाही कुत्र्यासोबत शिकावं लागतं.

अशा मदतनीस कुत्र्यांचे प्रकारही अनेक. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना दाराची घंटा वाजल्याचं एक कुत्रा पंजा लावून सांगतो. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला दुसरा खाली पडलेली किल्ली उचलून देतो, दार ओढून उघडतो. म्हणजे ‘जरा एवढं देता का?’ असं दर वेळी कुणाला विनवायला नको.

मग मोत्याचं काय? मोत्या भला आहे. पण मोठं झालेल्या, मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याला हे काम शिकवणं फार अवघड. शिवाय वाटाड्या कुत्रा आपल्या गावात आलाच, तर गल्लोगल्लीचे मोत्ये त्याच्यावर धावून जातील! भारतात अशी कुत्री अगदी मोजकी आहेत.

पण मैत्रिणी, नाराज होऊ नकोस. बडीने केलं ते थोडंफार आपल्यालाही करता येतं. काकांच्या वाटेत सायकल आडवी लावू नकोस. त्यांचा हात धरून ओढू नकोस. आधी विचार, ‘काका, मदत करू का?’ ‘हो’ म्हणाले, तर तुझा खांदा किंवा कोपर त्यांना धरू दे आणि अर्धं पाऊल पुढे चाल. ‘पायरी आली’, ‘इथे खड्डा आहे’ असं सांगत जा. (हमरस्ता मात्र मोठं माणूस सोबत असेल तरच ओलांडायचा, बरं का!) ‘नको’ म्हणाले, तर रागवायचं नाही. कुठे जायचं ते काकाच ठरवणार!

आणि उद्या एखाद्या शहरात मुठीचा पट्टा घातलेला कुत्रा दिसला, तर? त्याला हाका मारू नका, बिस्किट देऊ नका, कुरवाळू नका. तो कामावर असतो. त्याचं लक्ष चुकलं, तर धोका त्याच्या माणसाला.

तुमच्या गावातल्या अशा काका-मावशींना कुठे अडायला होतं? त्यांनाच विचारा आणि मला कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच!