निवाऱ्याला कुलूप लागू देऊ नका

शहरात दर लाख वस्तीमागे बेघरांसाठी एक निवारा हवा, तोही बाराही महिने, चोवीस तास उघडा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्येच बजावलं. या हिशेबानं मुंबईला सव्वाशे निवारे हवेत. आहेत ते त्याच्या जवळपासही नाहीत. २०११च्या जनगणनेत याच शहरात ५७ हजारांवर बेघर मोजले गेले होते.

आता आहेत तेही धोक्यात आहेत. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून निवाऱ्यांना पैसा येई. २०२४मध्ये त्याची मुदत संपली. म्हणजे यापुढे मदार मुख्यतः पालिकांच्या तिजोरीवर. आणि तिथं बेघरांसाठी भांडणार कोण? त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं मतदारयादीत नावच नाही.

खर्च फार आहे म्हणावं, तर अभियानाच्या नियमांत पन्नास जणांचा निवारा चालवायला वर्षाला सहा लाख धरले होते. माणशी महिन्याला हजार रुपये! (चौकांच्या सुशोभीकरणाचा असा हिशेब कुणी मागत नाही.)

आणि बंद पडलेला निवारा पुन्हा उघडला म्हणून भागत नाही. दहा-पंधरा वर्षं फुटपाथवर काढलेला माणूस बोलावल्याबरोबर निवाऱ्यात येत नाही. भिकारी म्हणून पकडून नेतील, उशाचं गाठोडं जाईल, ही भीती असते. कार्यकर्ते रोज जाऊन बसतात, चहा देतात, तेव्हा कुठे तो येतो. मग निवाऱ्याच्या पत्त्यावर आधार निघतं, बँकेत खातं उघडतं, निराधार योजनेचा अर्ज भरता येतो, टीबीच्या गोळ्या चुकत नाहीत. निवारा बंद पडला की तो पुन्हा रस्त्यावर, आणि पुढच्या वेळी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवेल?

रस्त्यावरची माणसं स्वतःसाठी लढतातही. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी १९८६मध्ये ‘महिला मिलन’ ही संघटना उभी केली, रोजच्या कमाईतून बचत केली, पालिकेशी, सरकारशी वर्षानुवर्षं बोलणी केली आणि अखेर मानखुर्दला पक्की घरं मिळवली. पण त्यांना एकमेकींची साथ होती. एकट्या म्हाताऱ्यानं किंवा मनानं खचलेल्या बाईनं हे कसं करायचं? त्यांच्या वतीनं आपल्यालाच बोलावं लागेल.

पालिकेचं अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा: आमच्या भागातल्या निवाऱ्यासाठी किती तरतूद केली? पत्रावर शेजाऱ्यांच्याही सह्या घ्या, पोच घ्या. जवळच्या निवाऱ्यात एकदा जाऊन या. डॉक्टर असाल तर आठवड्याचा एक तास द्या. आणि ‘आमच्या गल्लीत निवारा नको’ असा अर्ज सोसायटीत फिरू लागला, तर त्यावर सही करू नका.