रंगाऱ्याला जरा थांबवा

2025 मध्ये गुढीपाडवा 30 मार्चला आला आणि ईद 31 मार्चला. अशा वर्षी नागपुरात मोमीनपुऱ्यापासून धरमपेठेपर्यंत घरांची रंगरंगोटी आणि कुंपणाची छाटणी एकाच वेळी निघते. नेमका हाच काळ बुलबुलाच्या विणीचा.

उर्दू शायरीतला बुलबुल वेगळा, तो इराणी बागेतला गवई. आपला हा शेंडीवाला, बुडाला लाल, जास्वंदीत किंवा मेंदीच्या कुंपणात वाटीएवढे घरटे करणारा. अंडी दोन-तीन. सुमारे 2 आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात आणि पुढच्या 2 आठवड्यांच्या आत घरटे सोडतात. म्हणजे सगळा संसार एका रमजानमध्ये मावतो. तेवढे दिवस कात्री बाजूला ठेवायला काय हरकत आहे?

कौतुकानेही नुकसान होतेच. फोटोसाठी फांदी वाकवली की पिल्ले उघडी पडतात. मग ऊन आणि कावळा, दोघांचेही फावते. प्रवासात सहकाऱ्यांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली, ती तडफडू लागली, तेव्हा हजरत मुहम्मद पैगंबरांनी (स.) ती परत द्यायला लावली, असा प्रसंग अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. आपला 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदाही रानपक्ष्यांची घरटी, अंडी विस्कटणे शिकारीतच धरतो.

बघायचेच तर खिडकीतून बघावे. सहरीनंतर उजाडले की नर-मादी दोघेही चोचीत किडे घेऊन फेऱ्या मारतात. पाण्याचे भांडे घरट्यापासून लांब ठेवावे, मांजर तिथेच दबा धरून बसते. आणि रंगाऱ्याला सांगावे, ती एक भिंत पिल्ले उडाल्यावर.