पुन्हा उभारता येणारा बंधारा

नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हे गाव आणि त्याच्या आसपासचे पाडे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर वसलेले आहेत. या तालुक्यात वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तरीही मार्च सरत आला की येथील बायकांना डोक्यावर हंडे घेऊन झऱ्यांच्या शोधात डोंगर उतरावे लागतात. ही विसंगती वरवर चमत्कारिक वाटली, तरी तिचे कारण जमिनीतच आहे. हा सारा प्रदेश बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हाच्या थरांपासून बनलेल्या काळ्या कातळाचा आहे. त्या कातळात पाणी धरून ठेवणाऱ्या पोकळ्या फार थोड्या, त्यावरची माती पातळ आणि उतार तीव्र असल्यामुळे पावसाचे पाणी ओहोळांतून दमणगंगेच्या खोऱ्यात धावते व पुढे गुजरातकडे निघून जाते. याच तालुक्याच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या वैतरणेचे पाणी मुंबईची तहान भागवते. पाऊस ज्यांच्या डोक्यावर पडतो त्यांच्या वाट्याला उन्हाळ्यात टँकर येतो, ही गोष्ट महाराष्ट्राच्या जलनियोजनाने फार काळ गृहीत धरली आहे.

त्यात आता पावसाचे वागणेही बदलत आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठा प्रदेश व्यापणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. याचा डोंगरउतारावरील शेतीशी लावायचा अर्थ असा की, जो पाऊस पूर्वी संथपणे मुरत असे त्यातला मोठा वाटा आता थोड्या दिवसांत कोसळतो, माती घेऊन जातो आणि मधल्या उघडिपीत नागलीची रोपे माना टाकतात. नागली, म्हणजे देशावर जिला नाचणी म्हणतात ते भरड धान्य, आणि वरई ही या भागातील कोकणा, वारली व महादेव कोळी कुटुंबांची मुख्य पिके आहेत. राबावर, म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेल्या जमिनीवर, रोपे तयार करून ती उतारावर लावायची ही जुनी रीत अशा लहरी पावसात फार जोखमीची ठरू लागली आहे.

हवामानबदलाला तोंड देण्याची क्षमता असे जिला म्हणतात, ती अशा ठिकाणी मोजायची कशी, हा या संपादकीयाचा विषय आहे. आघात सोसून पुन्हा उभे राहण्याचे बळ, एवढाच त्या संज्ञेचा सरळ अर्थ असेल, तर ते बळ बांधकामाच्या मजबुतीत शोधण्यापेक्षा बांधकाम वाहून गेल्यावर ते पुन्हा कोण उभारू शकतो, या प्रश्नाच्या उत्तरात शोधणे अधिक योग्य ठरते.

हरसूल परिसरात या प्रश्नाचे एक उत्तर दरवर्षी पावसाळा संपताना ओहोळाच्या पात्रात दिसते. त्र्यंबकेश्वर आणि पेठ तालुक्यांत 'जलपरिषद मित्र परिवार' या नावाने एकत्र आलेले स्थानिक तरुण आणि त्यांच्यासोबत ग्रामस्थ श्रमदानातून वनराई बंधारे घालतात. वनराई बंधारा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती, वाळू किंवा मुरूम भरून ओहोळाला आडवा घातलेला तात्पुरता बांध होय. त्याची जागा निवडणे हेच मोठे कसब असते, कारण दोन्ही काठ जवळ असावे लागतात, तळाशी पाणी झिरपून जाणार नाही असा खडक असावा लागतो, आणि पात्राचा उतार मंद असला तरच अडवलेले पाणी मागे लांबवर पसरते. गोण्या पूर्ण ठासून भरल्या तर एकमेकींवर नीट बसत नाहीत, म्हणून त्या थोड्या सैल भरून सुतळीने तोंड शिवतात, वीटकामाप्रमाणे सांधे चुकवत थरावर थर लावतात आणि फटींत चिकणमाती चेपतात. पाणी वाहते असतानाच हे काम करावे लागते. फार उशीर झाला तर अडवायला धारच उरत नाही, आणि घाई केली तर परतीच्या पावसाचा एखादा लोंढा सगळे श्रम घेऊन जातो. नेमका दिवस कोणता, हे ओहोळाकडे रोज पाहणाऱ्या माणसालाच ठाऊक असते.

अशा बंधाऱ्यात साठणारे पाणी फार नसते. पण खालच्या अंगाच्या विहिरींची पातळी त्यामुळे काही आठवडे, कुठे काही महिने टिकून राहते, गुरांना जवळ पाणी मिळते आणि हरभऱ्याचे किंवा भाजीपाल्याचे छोटे वावर निघते. पुढच्या पावसाळ्यात बंधारा वाहून जातो, आणि त्याबरोबर गोण्यांचे प्लास्टिकही पात्रात पसरते. हा दोष खराच असून, पावसाळ्यापूर्वी गोण्या काढून घेण्याची शिस्त प्रत्येक पाड्याने लावून घ्यायला हवी. तरीही दरवर्षी वाहून जाणारा हा बांध एका अर्थाने फार टिकाऊ आहे, कारण तो उभारण्याचे ज्ञान, साहित्य आणि मनुष्यबळ ही तिन्ही पाड्यातच असतात.

याच तालुक्यातील खरशेत ग्रामपंचायतीतल्या शेंद्रीपाड्याची हकिकत त्याच्या शेजारी ठेवून पाहावी. तास नदीच्या खोल घळीवर आडव्या टाकलेल्या लाकडी ओंडक्यावरून डोक्यावर हंडे घेऊन जाणाऱ्या तेथील बायकांची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यावर राज्यभर हळहळ व्यक्त झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांच्या पुढाकाराने तेथे लोखंडी पूल बसला. त्याच वर्षीच्या जुलैमधील पुरात तो वाहून गेला. शासनाने तत्परता दाखवली हे चांगलेच झाले, आणि त्या बायकांना सुरक्षित वाट मिळणे हा त्यांचा हक्कच होता. परंतु पूर किती उंच चढतो हे ज्यांना माहीत होते त्यांना पुरेसे विचारले गेले होते का, आणि तुटलेला पूल सांधण्याचे साधन पाड्याच्या हाती ठेवले होते का, हे प्रश्न त्या लोखंडाबरोबर वाहून गेलेले नाहीत. ओंडका निदान पाड्याला पुन्हा टाकता येत होता.

पाण्यासारखी सामाईक साधने लोक स्वतः नियम करून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळू शकतात, हे जगभरच्या उदाहरणांतून दाखवून देणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. नाशिक आणि धुळे जिल्ह्यांना मात्र हे फार आधीपासून ठाऊक होते. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याच्या लाभक्षेत्राचे फड, म्हणजे मोठे तुकडे पाडून कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे शेतकरी एकत्र बसून ठरवत, पाणी वाटण्यासाठी पाटकरी नेमत आणि पाटांची दुरुस्तीही आपसांत वाटून घेत. आजच्या काळातील उदाहरण धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाड्याचे आहे. हरसूल परिसराप्रमाणेच कोकणा वस्ती असलेल्या या पाड्याने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात कुऱ्हाडबंदी केली, झाड तोडणाऱ्याला दंड ठरवला, राखणीची पाळी लावली आणि सुमारे ४४५ हेक्टर जंगल पुन्हा उभे केले. जंगल वाढले तसे विहिरींना पाणी टिकू लागले. या कामात पुढाकार घेणारे चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. जंगलावर हक्क गावाचा आणि नियमही गावाचे, ही व्यवस्था २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काच्या रूपाने मान्य केली. त्यामुळे अशा पाड्यांना आज कायद्याचा आधारही आहे, मात्र तो मिळवण्यासाठी किती पाठपुरावा करावा लागतो हे नाशिकहून मार्च २०१८ मध्ये मुंबईपर्यंत चालत गेलेल्या आदिवासी शेतकऱ्यांनी सर्वांना दाखवले.

या मार्गातील सर्वांत मोठी अडचण पैशाची नाही, माणसे गावात नसण्याची आहे. दिवाळीनंतर या भागातली कुटुंबे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांवर किंवा नाशिकच्या बांधकामांवर जगायला जातात. म्हणजे बंधारा घालण्याचा हंगाम संपतो न संपतो तोच तो राखणारे हात दुसऱ्याच्या वावरात गुंततात. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला त्याच्या मुळाशी हाच विचार होता की, गावातच मजुरी मिळावी आणि त्या मजुरीतून गावाची माती व पाणी अडावे. हरसूलसारख्या भागात त्या विचाराची गरज आजही तितकीच तीव्र आहे. गावात चार महिने अधिक राहता येणे हीच हवामानबदलाविरुद्धची पहिली तटबंदी होय, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

बाहेरच्या मदतीला येथे स्थान नाही, असा याचा अर्थ नव्हे. नाशिकच्या सोशल नेटवर्किंग फोरम या संस्थेने प्रमोद गायकवाड यांच्या पुढाकाराने त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील अनेक पाड्यांवर पाणी पोहोचवताना समाजमाध्यमांतून देणग्या गोळा केल्या, अभियंत्यांचा सल्ला विनामूल्य मिळवला आणि चर खोदण्याचे श्रम मात्र ग्रामस्थांनी स्वतः दिले. श्रमाची ही अट औपचारिक नाही. ज्याने चर खोदला त्याला पाइप कुठून गेला हे माहीत असते, आणि पाइप फुटला की तो तालुक्याला अर्ज करत बसत नाही. ग्रामीण नळयोजनांचा सार्वत्रिक अनुभव असा की, त्या बहुधा विहीर आटल्यामुळे नव्हे, तर विजेचे बिल थकल्यामुळे, पंप जळाल्यामुळे आणि पाणीपट्टी कोणी गोळा न केल्यामुळे बंद पडतात. उद्घाटनाला देणगीदार मिळतो, तिसऱ्या वर्षीच्या मोटर-दुरुस्तीला मिळत नाही.

परदेशातील मराठी मंडळांचा संबंध नेमका येथे येतो. न्यू जर्सीपासून मेलबर्नपर्यंत मराठी मंडळे गणेशोत्सवात आणि दिवाळीत गावाकडच्या कामांसाठी निधी जमवतात, आणि अमेरिकेतील महाराष्ट्र फाउंडेशनसारखी संस्था १९७८ पासून हे काम पद्धतशीरपणे करत आहे. परंतु हा पैसा पाड्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर विदेशी अंशदान नियमन कायदा उभा आहे. या कायद्यानुसार परदेशात नोंदलेल्या मंडळाची देणगी, तसेच परकीय नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाची देणगीही, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, विदेशी अंशदान ठरते व ती फक्त या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच स्वीकारता येते. ज्यांचे भारतीय पारपत्र कायम आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम मात्र त्यात मोडत नाही. २०२० च्या दुरुस्तीने नोंदणीकृत मोठ्या संस्थेने आलेला निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई केली, आणि त्याचा फटका ज्यांच्याकडे स्वतंत्र नोंदणीची ऐपत नाही अशा गावगटांनाच सर्वाधिक बसला. नोंदणीसाठी तीन वर्षांत किमान १५ लाख रुपये खर्च केल्याचा पुरावा लागतो, आणि गोण्यांचे बंधारे घालणाऱ्या पाड्याचा हिशेब त्याच्या जवळपासही जात नाही. पारदर्शकतेचा आग्रह रास्त असला, तरी कायद्याची मोजपट्टी मोठ्या कार्यालयांच्या मापाने आखली गेली आहे, हे स्पष्ट म्हणायला हवे.

या मर्यादेतही करण्यासारखे पुष्कळ आहे. भारतीय नागरिकत्व असलेल्या सभासदांनी आपली वैयक्तिक देणगी स्थानिक गटांना थेट द्यावी आणि मंडळाच्या सामूहिक निधीसाठी गावात राहून काम करणारी नोंदणीकृत संस्था निवडावी. निधी देताना उद्घाटनाच्या छायाचित्राऐवजी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: पाणी समितीत महिला किती आहेत आणि बैठका कधी होतात, पाणीपट्टी किती ठरली आहे, आणि पंप बंद पडला तर तो दुरुस्त करणारा माणूस गावातला आहे की तालुक्याचा. उत्तरे समाधानकारक असतील तर एका वर्षात एकरकमी मोठी देणगी देण्याऐवजी तीच रक्कम पाच वर्षांत विभागून, तिचा ठरावीक भाग देखभालीसाठी राखून द्यावी. हरसूल, पेठ किंवा सुरगाणा परिसराशी ज्या सभासदांचे नातेसंबंध आहेत, त्यांनी तेथील अशा गटांची माहिती आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला कळवावी. वनराई बंधाऱ्यांचा हंगाम ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, तेव्हा निर्णय त्याआधी व्हायला हवा.