परसबागेत गलांडा का असावा?

डहाणू व तलासरी तालुक्यांत वर्षाचा जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत पडतो. भाताची कापणी उरकली की विहिरींचे पाणी खोल जाऊ लागते आणि अनेक आदिवासी कुटुंबे मजुरीसाठी गाव सोडतात. अशा भागात फुलझाडांचे नाव काढताच ‘पाणी कोठून आणावयाचे?’ असा प्रश्न शेतकरी करतो. तो रास्तच आहे. मात्र त्याचे बरेचसे उत्तर फुलाच्या निवडीत आहे.

गलांडा अथवा गॅलार्डिया हे मूळचे उत्तर अमेरिकेतील कोरड्या गवताळ माळांवरील रानफूल होय. ते परदेशी म्हणून कोणी नाक मुरडू नये. डहाणूच्या वाड्यांतील चिकूही मूळचा अमेरिकाखंडातीलच. आणि २०१६ साली त्याच चिकूला भौगोलिक मानांकन लाभले.

या झाडाला हलकी, मुरमाड व निचऱ्याची जमीन मानवते. ते कोरडेपणा सोसते, पण साचलेले पाणी सोसत नाही, मुळे कुजतात. म्हणून येथील भर पावसात, विशेषतः भाताच्या खाचरात, त्याची लागवड करणे हिताचे नाही. पाऊस ओसरल्यावर उंच जागी गादीवाफ्यावर बी पेरावे. ४ ते ५ आठवड्यांची रोपे ४५ × ३० सेंटिमीटर अंतरावर लावावीत. रोपे जीव धरीपर्यंत नियमित पाणी द्यावे, नंतर माती वाळल्यावरच द्यावे. खताचा अतिरेक केल्यास पाला माजतो व फुले कमी येतात. उमललेली फुले वेळेवर खुडल्यास बहर लांबतो. काही फुले झाडावरच वाळू दिल्यास पुढील वर्षाचे बी घरचे होते.

ग्रामकार्यकर्त्यांनी मात्र याबाबत मोठी आश्वासने देऊ नयेत. हारांसाठी या फुलास मागणी असली तरी भाव चढतो तसा कोसळतोही. एकट्या घरची टोपलीभर फुले बाजारात नेण्याचा खर्चही निघणे कठीण. पहिल्या वर्षी पाव गुंठाच पुरे; त्यात सुमारे १८५ रोपे बसतात. पाड्यातील ५-६ घरांनी मिळून माल पाठविल्यास वाहतुकीचा भार विभागला जातो.

पिण्याच्या पाण्याला प्रथम मान असावा, हे सांगणे नलगे. एवढ्याने स्थलांतर थांबणार नाही. परंतु थोड्या पाण्यावर अंगणात चार पैसे मिळवून देणारे फूल करून पाहण्यास हरकत नसावी.